गल्लीतल्या मांजरांची नसबंदी: मोजणीपासून परत सोडण्यापर्यंत, क्रमाने

"चार मांजरांची नसबंदी केली, तरी पिल्लं आहेतच." ही तक्रार करणाऱ्यांनी बहुतेक वेळा जी मांजरं सहज हाती लागली तीच नेलेली असतात: पायात घुटमळणारे दोन बोके आणि एखादी माणसाळलेली भाटी (मादी). कडब्याच्या गंजीत विणारी, माणूस दिसला की माळवदावरून पलीकडे उडी घेणारी भाटी तशीच राहते. भाटी ४-५ महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, ६३-६५ दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. अशा दोन भाट्या सुटल्या तर वर्षभरात आकडा पुन्हा होता तिथे येतो.

त्यामुळे पाच गल्ल्यांत प्रत्येकी दोन मांजरं करण्यापेक्षा एका गल्लीतली सगळी करा. मोंढ्याचा (धान्याच्या घाऊक बाजाराचा) एक गाळा, मटण मार्केटची मागची बाजू, होस्टेलची मेस किंवा एक जुना वाडा अशी एकच जागा निवडा. ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरीकडे पिंजरा हलवू नका.

टप्पा १: मोजणी (७ ते १० दिवस)

रोज एकाच वेळी, शक्यतो दिवेलागणीला, वहीत नोंद करा. प्रत्येक मांजराला क्रमांक द्या. रंग, शेपटी, अंगावरचे ठिपके लिहा आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. "पांढरंकाळं मांजर" एवढ्या नोंदीचा उपयोग नाही; अशी तीन निघतात आणि तिसऱ्या दिवशी कोणतं कोण हे कुणालाच सांगता येत नाही.

नर-मादी लांबूनही बऱ्यापैकी ओळखता येते. पांढरा, काळा आणि तांबडा असे तिन्ही रंग असतील तर ती जवळजवळ नेहमीच भाटी. गाल फुगीर आणि मान जाड असेल तर पूर्ण वाढलेला बोका. नुसतं तांबडं मांजर बहुधा बोका असतं, पण त्यावर विसंबू नका.

सर्वात मोलाची नोंद पोटाची. आचळांभोवतीचे केस झडलेले, आचळं ओढलेली आणि पोट लोंबतं असेल तर तिची पिल्लं जवळच कुठेतरी आहेत. तिच्या नावापुढे खूण करा. तिला पकडण्याचं वेळापत्रक वेगळं असतं, ते पुढे येईल.

*तपासा:* यातली कुणाच्या घरची किती? गळ्यात दोरी किंवा घुंगरू नसलं तरी मांजर कुणाचं तरी असू शकतं. घरोघर विचारा. न विचारता नेलेलं एक पाळीव मांजर अख्ख्या गल्लीचं सहकार्य घालवतं.

टप्पा २: खाण्याची वेळ बांधणे (किमान १० दिवस)

पिंजरा रिकामा राहण्याचं पहिलं कारण पिंजरा नसून गल्लीभर ठेवलेल्या वाट्या असतात. पोट भरलेलं मांजर पिंजऱ्यात शिरत नाही.

एक जागा आणि एक वेळ ठरवा. खाणं २०-३० मिनिटं ठेवा, मग उरलेलं उचला. उरलेलं रात्रभर राहिलं तर कुत्री, उंदीर आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी तिघंही येतात. मोठ्या मांजराला दिवसाला साधारण ५०-६० ग्रॅम कोरडं तयार खाद्य पुरतं. घरचं द्यायचं तर बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा मासळी मुख्य आणि भात थोडा. दूध-भाकरी ही आपल्याकडची रीत, पण मांजराची गरज मांसातून भागते आणि बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधाने ढाळ लागते. कांदा-लसूण पडलेला रस्सा अजिबात नको, त्याने मांजराचं रक्त बिघडतं.

पाणी मात्र चोवीस तास हवं. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या वस्तीतही सावलीत ठेवलेली एक मातीची परात पुरते. रोज घासून भरा.

शेवटचे ४-५ दिवस दार बांधून उघडा ठेवलेला पिंजरा त्याच जागी ठेवा आणि खाणं आधी त्याच्या तोंडाशी, मग हळूहळू आत सरकवत न्या. दार दोरीने पक्कं बांधा. या दिवसांत ते चुकून पडलं तर आतलं मांजर सुटेल, पण पुन्हा महिनाभर जवळ फिरकणार नाही.

टप्पा ३: आधी डॉक्टरांची तारीख, मग पिंजरा

हा क्रम उलटा केला की मांजर पिंजऱ्यात आणि डॉक्टर सुट्टीवर, असं होतं. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्यांचं काम चालतं. मांजराची भूल आणि शस्त्रक्रिया नियमित करणारा हात वेगळा असतो. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आणि शहरातल्या खासगी दवाखान्यांत चौकशी करा. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही विचारता येईल. प्रत्यक्ष जाऊन एवढं स्पष्ट करून घ्या:

- हाताळू न देणारं मांजर पिंजऱ्यातच भूल देऊन करता का?
- आतून विरघळणारे टाके घालता का? (टाके काढायला हे मांजर पुन्हा सापडत नाही.)
- भुलीतच डाव्या कानाचं टोक कापाल का (नसबंदी झाल्याची लांबून दिसणारी खूण), रेबीजची लस द्याल का?
- किमान किती वजनाचं, किती वयाचं पिल्लू घेता? साधारण २ महिने आणि १ किलो हा वापरातला अंदाज आहे.
- एका दिवशी किती कराल? शस्त्रक्रियेनंतर रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा?

भाटी गाभण निघाली तर काय करायचं हेही याच भेटीत ठरवा. भुलीत पोट उघडल्यावर फोनवर ठरवण्याची ही गोष्ट नाही.

पहिल्या फेरीत ३-४ मांजरंच घ्या. दहा पकडाल, पण दहा भुलीतल्या मांजरांकडे रात्रभर बघणार कोण?

हंगामाचं म्हणाल तर नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. ऊन कमी असतं आणि दिवस मोठे होऊ लागले की येणारा माजाचा जोर अजून सुरू झालेला नसतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना शक्यतो थांबा. करायचंच असेल तर पकडणं रात्री, ने-आण सकाळी ९च्या आत. पावसाळ्यात सोडण्याची जागा कोरडी आहे का ते आधी बघा.

टप्पा ४: साहित्य

पिंजरा ७५ ते ९० सेंटिमीटर लांब, २५-३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच. जाळीची भोकं इंचापेक्षा मोठी नकोत. मोठ्या भोकांतून मांजर बाहेरूनच पंजा घालून आमिष ओढतं. आत पाय पडला की दार पाडणारी पाटी मागच्या भागात हवी. वेल्डिंगवाल्याकडून करून घेणार असाल तर दोन गोष्टींवर अडून बसा: पडलेलं दार आतून ढकलून वर जाता कामा नये, म्हणजे आपोआप लागणारी अडकण हवी, आणि मागच्या बाजूला वर सरकणारं दुसरं दार हवं. उंदरांचा मोठा पिंजरा किंवा भाजीचा क्रेट यातलं काहीही चालत नाही.

सगळ्या कडा आतून बोटाने चाचपून बघा. तारेचं एक टोक राहिलं तरी घाबरलेलं मांजर त्यावर नाक-तोंड फोडून घेतं.

रिकाम्या पिंजऱ्याचं वजन करून ते पत्र्यावर रंगाने लिहून ठेवा. नंतर मांजरासकट हुकाच्या काट्याला लावलं की वजाबाकीत मांजराचं वजन मिळतं. भुलीचं प्रमाण वजनावर ठरतं, त्यामुळे डॉक्टरांना "असेल तीनेक किलो" सांगण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

बाकी: प्रत्येक पिंजऱ्याला एक जाड सुती चादर, वर्तमानपत्रं, दोरी, जाड कातडी हातमोजे, बॅटरी, नावाच्या चिठ्ठ्या. तारखा जितक्या मिळाल्या त्याहून एक पिंजरा जास्त ठेवा.

टप्पा ५: पकडणे

शस्त्रक्रिया मंगळवारी सकाळी असेल तर सोमवारी संध्याकाळी पकडायचं, आणि रविवारी संध्याकाळनंतर त्या जागेवर कुणीच काही ठेवायचं नाही. पाणी सुरू ठेवा. पिंजरा लावण्यापेक्षा शेजारच्या आजींना आज वाटी न ठेवण्याचं पटवणं जड जातं. "उपाशी कशाला मारता लेकराला?" हे ऐकून घ्या, पण वाटी उचलूनच घ्या. मटणवाल्याला आणि मेसच्या आचाऱ्यालाही आदल्या दिवशी सांगा.

पिंजरा सपाट जमिनीवर ठेवा. पाय ठेवल्यावर डुगडुगला तर मांजर मागे फिरतं. तळाला वर्तमानपत्र घाला, पण पाटीच्या हालचालीत ते अडकत नाही ना ते हाताने पाटी दाबून तीन वेळा बघा. आमिष म्हणून भाजलेला सुका बोंबील, सुकट किंवा तळलेल्या चिकनचा तुकडा घ्या. आठवडी बाजारातली सुकी मासळी सर्वात उपयोगी, कारण तिचा वास लांब जातो. चमचाभर आमिष पाटीच्या *मागे*, अगदी टोकाला ठेवा, आणि दारापासून आतपर्यंत नखाएवढे चार तुकडे टाका. जास्त टाकलंत तर ते दारातच पोट भरून निघून जाईल.

मग लांब बसा. पिंजरा नजरेआड करू नका. रात्रभर लावून सकाळी बघू, ही सर्वात घातक चूक. आतल्या मांजराला कुत्री छळतात, पोरं काठ्या घालतात, उन्हाळ्यात पत्रा तापतो.

दार पडलं की लगेच चादर टाका. अंधार झाला की दोन मिनिटांत धडपड थांबते. मगच उचला.

> इशारा: मांजर "ओळखीचं आहे" म्हणून दार उघडून हाताने दुसऱ्या पिंजऱ्यात घालू नका. चावे बहुतेक इथेच बसतात. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मांजर घरचं वाटत होतं, हे लस टाळण्याचं कारण होत नाही.

*तपासा:* डावा कान. टोक सरळ कापलेलं असेल तर त्या मांजराची नसबंदी झालेली आहे, तिथेच सोडा.

पिल्लं असलेली भाटी

मोजणीत खूण केलेली भाटी पिंजऱ्यात आली आणि पिल्लं कुठे आहेत हे माहीत नसेल, तर थांबून विचार करा. पिल्लं ६-८ आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागेपर्यंत थांबणं उत्तम. पण तिला पुन्हा पकडणं अशक्य वाटत असेल तर डॉक्टरांशी बोलून शस्त्रक्रिया करता येते; नसबंदीने दूध आटत नाही. अशा वेळी तिचा नंबर सकाळी पहिला लावा, आणि ती पूर्ण शुद्धीवर, तोल सावरून आहे याची खात्री करून त्याच संध्याकाळी सोडा. दोन दिवस कोंडलीत तर कडब्यात पिल्लं उपाशी मरतील. पिल्लं सापडली आणि ती ८ आठवड्यांच्या आतली असतील, तर ती माणसाळवून घरं शोधण्याची हीच वेळ. नंतर ती रानटीच राहतात.

टप्पा ६: रात्र आणि प्रवास

मोठ्या मांजराला शस्त्रक्रियेआधी साधारण ८ तास उपाशी ठेवतात, पाणी चालतं. पिंजऱ्यातलं आमिष खाल्लेलं असतं, म्हणून पकडल्याची वेळ चिठ्ठीवर लिहा. चार महिन्यांखालच्या पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवू नका, त्याची साखर उतरते. २ ते ४ तास पुरे, नेमके किती ते डॉक्टरांना विचारा.

चिठ्ठी दोन ठिकाणी: एक पिंजऱ्याला दोरीने बांधलेली, एक तुमच्या वहीत. क्रमांक, फोटो, वजन, *नेमकी जागा*. "मोंढा" एवढं पुरत नाही. कोणत्या गाळ्यामागे ते लिहा.

प्रवासाला रिक्षा किंवा जीप. गाडीची बंद डिकी नको, दुचाकीवर आडवा बांधलेला पिंजरा नको. चादर वरून टाकलेली, पण दोन बाजूंनी वारा खेळता हवा. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते तापलं आहे असं समजा: सावली, पंखा, पंजांना आणि अंगाला साधं गार पाणी लावा आणि लगेच दवाखाना गाठा. बर्फ नको.

टप्पा ७: दवाखान्यात

इथे तुमचं काम थोडं, पण ते चुकवू नका. चिठ्ठी आणि वजन हातात द्या, गाभण किंवा दूध पाजणारी असल्याचा संशय तोंडी सांगा. कानाचं टोक डावं, साधारण १ सेंटिमीटर, सरळ रेषेत, हे पुन्हा एकदा सांगा. कुत्र्यांच्या कानाला करतात तशी खाच मारामारीत फाटलेल्या कानासारखी दिसते आणि लांबून ओळखू येत नाही. मांजर ज्या पिंजऱ्यातून आलं त्याच पिंजऱ्यात, पूर्ण शुद्धीवर येण्याआधी, नवीन कागद घालून परत ठेवायला सांगा.

टप्पा ८: पहिले ४८ तास

बोक्याला २४ तास, भाटीला ४८ तास बंद आणि शांत खोलीत ठेवा. जागा आधी तयार हवी, मांजर आल्यावर शोधायची नाही.

भुलीतलं मांजर अंगाची ऊब टिकवू शकत नाही. डिसेंबरात परभणीकडे पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा उघड्या फरशीवर ठेवलेला पिंजरा म्हणजे थेट धोका. खाली लाकडी फळी, तिच्यावर गोणपाट, वर चादर. गरम पाण्याची बाटली देणार असाल तर कापडात गुंडाळून, पिंजऱ्याच्या *बाहेरून* एका बाजूला टेकवा. उन्हाळ्यात उलट: पंखा चालेल, पण कुलरचा झोत सरळ अंगावर नको.

पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत आत पाण्याची वाटी ठेवू नका. मान टाकलेलं मांजर वाटीभर पाण्यात बुडू शकतं. उभं राहून नजर स्थिर झाल्यावर थोडं पाणी, आणखी काही तासांनी नेहमीच्या निम्मं खाणं. पिल्लांना शुद्ध आल्यावर लवकर खाऊ घाला.

पहिले काही तास दर १५-२० मिनिटांनी चादर थोडी उचलून श्वास बघा. थरथर, पाय झाडणं, डोळे उघडे राहणं हे भुलीचे नेहमीचे प्रकार आहेत. कागदावर रक्ताचे दोन-चार थेंब चालतात. मात्र थेंब थांबतच नसतील, हिरड्या पांढऱ्याफटक दिसत असतील, उलट्या सुरू असतील किंवा संध्याकाळ झाली तरी डोकं उचलत नसेल, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

> इशारा: "दुखत असेल" म्हणून घरातली पॅरासिटामोलची गोळी देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावू नका. पिंजरा फिनाईलने किंवा डेटॉलने पुसू नका. ते पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं.

पिंजरे साबणाने धुवा. मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ३२ भाग पाणी असं मिश्रण लावून १० मिनिटं ठेवा, स्वच्छ धुवा आणि उन्हात वाळवा. मांजरांच्या साथीचा, पिल्लांना दोन दिवसांत मारणारा पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू नुसत्या साबणाने जात नाही, आणि न धुतलेला पिंजरा त्याला पुढच्या गल्लीत नेतो. गरोदर बाईने मांजराची विष्ठा साफ करू नये.

टप्पा ९: परत सोडणे

जिथून आणलं तिथेच. शेतात किंवा "तिकडं गोडाऊनला उंदीर लई आहेत" म्हणून दुसरीकडे नाही. अनोळखी जागी मांजराला पाणी, आडोसा, कुत्र्यांच्या वाटा काहीच माहीत नसतं. ते मरतं किंवा परत यायच्या वाटेवर गाडीखाली जातं, आणि इकडे मोकळ्या झालेल्या जागेत नसबंदी न झालेलं दुसरं येतं. पोत्यात घालून गावाबाहेर टाकणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. विष घालून मारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं, शिक्षा ५ वर्षांपर्यंत.

वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची. दार रस्त्याच्या विरुद्ध दिशेला, भिंतीकडे किंवा झुडपाकडे करा. दार उघडा आणि मागे व्हा. ते लगेच निघालं नाही तर पिंजरा तिरपा करून ओतू नका, थांबा. जवळ पाणी आणि थोडं खाणं ठेवा. पुढचे दोन-तीन दिवस ते जेवायला आलं नाही तरी घाबरण्याचं कारण नाही.

बोक्याची नसबंदी झाली तरी पुढचे काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. महिन्याभरात एखादी भाटी गाभण दिसली म्हणून शस्त्रक्रिया फसली असं नाही.

टप्पा १०: उरलेली हट्टी मांजरं

शेवटची दोन-तीन मांजरं सगळ्यात जास्त वेळ खातात, आणि त्यांत भाट्या असतील तर सगळं यश त्यांच्यावरच असतं. त्यांच्यासाठी आठ दिवस पिंजऱ्याचं दार बांधून फक्त आतच खाणं द्या. तरी जमलं नाही तर लाकडी चौकटीला जाळी मारून तळ नसलेला खोका करा: ९० सेंटिमीटर लांब-रुंद, ३० उंच, एका बाजूला सरकतं दार. एक कड काठीवर टेकवा, काठीला लांब दोरी बांधा, खाणं मध्ये ठेवा. मांजर पूर्ण आत, मान खाली घालून खात असतानाच दोरी ओढा. शेपूट कडेखाली येत नाही हे बघूनच. लगेच वर चादर, आणि खोका दाबून धरायला एक माणूस. नंतर त्याच्या दाराला पिंजऱ्याचं मागचं दार भिडवून दोन्ही दोरीने बांधा, बोटभर फटही ठेवू नका, मगच दारं उचला.

जागा पूर्ण झाली तरी खाण्याची वेळ मोडू नका. नवं आलेलं मांजर जेवणाच्या त्या अर्ध्या तासातच नजरेस पडतं. दर तीन महिन्यांनी वही काढून कान मोजा, आणि अख्ख्या कानाचं जे दिसेल त्याच्यासाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांची तारीख घ्या. मोंढ्यातले व्यापारी उंदरांचं औषध टाकण्याआधी त्यांना सांगून ठेवा: विष खाल्लेला उंदीर मांजर खातं.